नुसती हद्दवाढ झाली म्हणून नळाला पाणी येत नाही

‘गाव शहराच्या हद्दीत गेलं की पाणी आपोआप मिळतं,’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. असं वाटणं स्वाभाविक आहे, पण हद्दवाढीने कारभार बदलतो, पाणीसाठा वाढत नाही. समजा, शुद्धीकरण केंद्राची क्षमता रोज १० लाख लिटर आणि लोकसंख्या ८,००० आहे. म्हणजे माणशी १२५ लिटर. त्यात ४,००० माणसं जोडली की उरतात जेमतेम ८३, आणि गळती धरली तर त्याहून कमी. शिवाय जलवाहिन्या आणि टाक्या उभाराव्या लागतात, त्या वेगळ्याच.

उलट, हद्द न बदलताही दोन स्थानिक संस्था करार करून एकच योजना चालवू शकतात. मला तर हा मार्ग अनेकदा जास्त समंजस वाटतो.

पडताळायचं असेल तर मंजूर पाणीकोटा, केंद्राची क्षमता आणि जलवाहिनीसाठी अंदाजपत्रकात केलेली तरतूद विचारा.