पिप इन्स्टॉल, पण कोणत्या नावानं?

समजा, नागपुरातल्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थिनीला कळमना बाजारातल्या ढिगाच्या फोटोवरून संत्री मोजणारा प्रोग्रॅम पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायचा आहे. तिला मिळालेल्या नमुना प्रोग्रॅमची पहिलीच ओळ आहे, 'इम्पोर्ट सीव्ही२'. ती चालवली की उत्तर येतं, असं मॉड्यूलच (म्हणजे तयार कोडचा भाग) नाही. मग ती 'पिप इन्स्टॉल सीव्ही२' टाइप करते; पिप म्हणजे पायथनची तयार पॅकेजेस आणून बसवणारं साधन. त्यानंही काम भागत नाही, कारण हे मॉड्यूल 'ओपनसीव्ही-पायथन' नावाच्या पॅकेजमधून येतं.

इन्स्टॉल करायचं नाव एक आणि प्रोग्रॅममध्ये वापरायचं दुसरं, हा घोळ पायथनमध्ये बराच आहे. 'पीआयएल' या चित्रांवर काम करणाऱ्या जुन्या लायब्ररीचं (तयार कोडच्या संचाचं) काम रखडलं, तेव्हा 'पिलो' पुढे आली. पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून इम्पोर्टचं नाव 'पीआयएल'च ठेवलं.

नाव बरोबर असेल तर पुढचं काम पिप करतं. पायपीआय या सार्वजनिक भांडारातून ते तुमच्या पायथनच्या आवृत्तीला आणि प्रोसेसरला जुळणारी 'व्हील' फाइल शोधतं, उतरवतं आणि उघडतं. व्हील म्हणजे खरं तर झिपच. ओपनसीव्हीला नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी लागते, तीही सोबत येते.

पायपीआयवर 5 लाखांहून जास्त प्रकल्प आहेत आणि कुणीही मोकळं नाव घेऊन तिथे पॅकेज टाकू शकतं. नागपुरात 'सावजी'च्या पाट्या कमी नाहीत, पण नुसत्या पाटीवरून आतल्या रश्श्याचं काय कळणार? डिसेंबर 2019मध्ये पायपीआयवरून एक पॅकेज काढून टाकलं गेलं. 'जेलीफिश' या खऱ्या लायब्ररीच्या स्पेलिंगमध्ये पहिल्या छोट्या एलच्या जागी मोठा आय घालून ते जवळपास वर्षभर तिथे होतं आणि प्रोग्रॅमरांच्या गुप्त किल्ल्या चोरत होतं. गंमत म्हणजे खरी जेलीफिश शब्दांमधलं साम्य मोजण्यासाठीच वापरतात!

म्हणून नाव आठवणीतून किंवा चॅटबॉटच्या उत्तरातून घेऊ नये. चॅटबॉट कधी कधी नसलेली पॅकेजेसही सुचवतात. लायब्ररीच्या अधिकृत माहितीतली आज्ञा जशीच्या तशी कॉपी करावी आणि पायपीआयच्या पानावरून मूळ कोडची लिंक, जुन्या आवृत्त्यांच्या तारखा पाहाव्यात.

प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे त्याच्या पॅकेजेससाठी स्वतंत्र जागा, करा, असं सांगतात. ते कराच, आवृत्त्यांची भांडणं टळतात. चोराला मात्र ते अडवत नाही. आतलं पॅकेजही तुमच्याच खात्याच्या परवानगीनं चालतं आणि तुमच्या सगळ्या फाइल्स वाचू शकतं.