मांडूळ वजनावर विकतात, तिथंच सगळी गोची आहे

मोहोळ, मंगळवेढा, बार्शी कुठंही जावा, नांगरटीत मांडूळ साप निघाला की कुणीतरी विचारणारच, "किती किलो भरंल रं?" गुप्तधन दाखवतं, वजन जास्त असलं की कोटीत जातं, दोन तोंडं असतात, अशा थापा वर्षानुवर्षं चालल्यात. दोन तोंडं वगैरे काही नसतात हो, शेपूट बोथट असतं आणि धोका वाटला की हे वेटोळ्यात डोकं लपवून शेपूट पुढं करतं, म्हणजे घाव बसला तर तिथं बसावा. बिनविषारी आहे, भुसभुशीत मातीत राहतं, उंदीर खातं. ज्वारीवाल्याला आणखी काय पायजे?

आता गोची अशी की मांडुळात मादी नरापेक्षा मोठी होते, ती अंडी न घालता थेट पिल्लं देते आणि तीही मोजकीच. म्हणजे वजन बघून पकडायला लागलो की विणारी मादीच आधी पोत्यात जाते. उंदीर भराभर वाढतात, मांडूळ नाही, त्यामुळं एका शिवारातून चार मोठ्या माद्या गेल्या तर भरून यायला वर्षं जातात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही बरं का, पकडणं, सापळा लावणं, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं हे पण शिकारच, त्यामुळं "मारलं कुठं साहेब, घरात ठेवलं होतं" हे चालत नाही. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, ३ ते ७ वर्षं तुरुंग. आणि हाथाजोडी म्हणून जी 'मुळी' पूजेला विकतात ना, ती बऱ्याचदा नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं, देवघरात ठेवायच्या आधी बघा बाबा. शिवारात असलं काही निघालं तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे.

पण सगळंच बंद आहे असंही नाही. तमिळनाडूतले इरुळा लोक आधी कातड्यासाठी साप धरायचे, कायद्यानं तो धंदा बसला, मग १९७८ ला त्यांची सहकारी संस्था निघाली. आता परवान्यावर, ठरलेल्या संख्येतच नाग, मण्यार, घोणस, फुरसं धरतात, काही दिवस ठेवून विष काढतात आणि पोटाच्या खवल्यावर खूण करून परत सोडतात, म्हणजे तोच साप पुन्हा हाती लागला तर कळतं. देशात सर्पदंशावर जे औषध (प्रतिविष) बनतं त्याच्यासाठीचं बरंचसं विष तिथूनच येतं.