अमेरिकी फेडरल कंत्राट: नोंदणी, पात्रता, कागदपत्रं आणि सहीची जबाबदारी

फेडरल सरकारला माल किंवा सेवा विकायची, तर कंपनीची नोंदणी सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. हे आधीच सांगायचं कारण म्हणजे, नोंदणी केली रे केली की फोन आणि ईमेल सुरू होतात: "तुमची नोंदणी अपुरी आहे, अमुक डॉलर भरा." भाषा आणि बोधचिन्ह असं असतं की पत्र सरकारीच वाटावं. ते खासगी दलालांचं असतं. त्यांना एक डॉलरही देऊ नका. मदत लागलीच तर जवळच्या अ‍ॅपेक्स अ‍ॅक्सेलरेटर केंद्रात जा. संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारी ही केंद्रं नोंदणीपासून प्रपोजलपर्यंतचा सल्ला बहुधा फुकट देतात.

नोंदणीत दोन क्रमांक मिळतात. पहिला १२ अक्षरी-अंकी यूईआय, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक. ४ एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाची जागा त्याने घेतली. दुसरा पाच अक्षरी-अंकी केज कोड, जो संरक्षण खात्याची पुरवठा यंत्रणा देते. हाताशी ठेवायची कागदपत्रं अशी: राज्याकडचं कंपनी स्थापनेचं प्रमाणपत्र, आयआरएसने (फेडरल कर खात्याने) ईआयएन, म्हणजे कंपनीचा कर क्रमांक, दिल्याचं पत्र, कंपनीच्या नावाचं बँक स्टेटमेंट किंवा वीजबिल, आणि पैसे जमा होण्यासाठी खात्याचा तपशील.

नोंदणी अडते ती बहुतेक वेळा नावावर. राज्याच्या नोंदीत कंपनीच्या नावापुढे "एलएलसी" आहे, आयआरएसच्या पत्रात नाही, आणि बँकेत जुन्या घराचा पत्ता आहे. एवढ्यानेही पडताळणी परत येते. त्यामुळे आधी तिन्हीकडची नोंद अक्षरशः एकसारखी करून घ्या, मगच अर्ज भरा. पोस्ट बॉक्स हा कंपनीचा प्रत्यक्ष पत्ता म्हणून चालत नाही. पडताळणीला काही आठवडे जाऊ शकतात, म्हणून निविदा दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा दीड-दोन महिने आधी नोंदणी उरकून ठेवा. दर ३६५ दिवसांनी नूतनीकरण करावं लागतं. प्रपोजल देण्याच्या दिवशी नोंदणी संपलेली असेल, तर उत्तम प्रपोजलही बाद होऊ शकतं.

याच नोंदणीत पानंच्या पानं भरून "होय-नाही"चे प्रश्न येतात. लोक ते घाईने टिक करत जातात, आणि सगळ्यात मोठी जोखीम तिथेच असते. प्रत्येक टिक म्हणजे सरकारपुढे केलेलं प्रतिज्ञापन आहे. एक उदाहरण पाहा. १३ ऑगस्ट २०२० पासून हुआवेई, झेडटीई, हायटेरा, हिकव्हिजन आणि दाहुआ यांची ठरावीक उपकरणं स्वतःच्या कामात वापरणाऱ्या कंपनीशी सरकार करार करत नाही. ती उपकरणं सरकारला विकलीच पाहिजेत असं नाही, तुमच्या ऑफिसात असली तरी पुरे. गोदामाच्या दारावर चार वर्षांपूर्वी स्वस्तात बसवलेला कॅमेरा कोणाचा आहे, हे शिडी लावून बघा. वरचं लेबल दुसऱ्याच ब्रँडचं आणि आतलं यंत्र यादीतल्या कंपनीचं, असंही असतं. "वापरत नाही" असं लिहिण्याआधी राउटर, कॅमेरे आणि फोन यांची यादी करून ती फाइलला लावून ठेवा.

आता पात्रता. साधी नोंदणी करून बोली लावायला मालकाचं अमेरिकी नागरिकत्व लागत नाही. ग्रीन कार्डधारकाची कंपनीही चालते. मात्र ८(अ) (वंचित मालकांसाठी), महिला-मालकीची कंपनी आणि हबझोन (मागास भागातल्या कंपन्यांसाठी) या एसबीएच्या, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी संस्थेच्या, योजनांत निदान ५१ टक्के मालकी नागरिकांचीच हवी. ८(अ)बद्दल आपल्या लोकांत एक जुना समज अजून आहे. भारतीय वंशाची व्यक्ती "सामाजिकदृष्ट्या वंचित" आहे असं पूर्वी गृहीत धरलं जाई. जुलै २०२३ मध्ये टेनेसीतल्या फेडरल कोर्टाने ते गृहीतक वापरायला मनाई केली. त्यानंतर आपल्यावर नेमका कोणता अन्याय झाला आणि त्याने धंद्याचं काय नुकसान झालं, हे प्रत्येक अर्जदाराला प्रसंग आणि पुरावे देऊन लिहावं लागतं. शिवाय वैयक्तिक निव्वळ संपत्ती ८,५०,००० डॉलरपेक्षा कमी हवी. त्यात राहतं घर, कंपनीतला हिस्सा आणि निवृत्ती खाती धरत नाहीत.

लहान उद्योग कोणाला म्हणायचं, हे एनएआयसीएस कोडवर, म्हणजे धंद्याच्या प्रकाराच्या सरकारी क्रमांकावर, ठरतं. संगणक प्रणाली रचनेच्या ५४१५१२ या कोडला पाच वर्षांच्या सरासरी उलाढालीची मर्यादा ३.४ कोटी डॉलर आहे. एवढी उलाढाल आपली कुठली, म्हणून सोडून देऊ नका, कारण संलग्न कंपन्यांची उलाढालही त्यात मिळवतात. नवऱ्याची एक कंपनी, बायकोची दुसरी, दोन्हींचं ऑफिस एक आणि कामगारही तेच असतील, तर एसबीए दोन्ही मिळून एकच मोजू शकते. भारतातली भगिनी कंपनीही सुटत नाही. खोटं प्रतिज्ञापन करून लहान उद्योगासाठी राखीव कंत्राट घेतलं, तर कराराची पूर्ण रक्कम हेच सरकारचं नुकसान मानण्याची तरतूद कायद्यात आहे.

राखीव कंत्राट घेऊन सगळं काम मोठ्या कंपनीकडे वळवणंही चालत नाही. सेवांच्या कामात सरकारकडून मिळालेल्या रकमेच्या ५० टक्क्यांहून जास्त पैसे तुमच्यासारखा दर्जा नसलेल्या पोटकंत्राटदाराला देता येत नाहीत. सर्वसाधारण बांधकामात ही मर्यादा ८५ टक्के आहे.

भारतातून माल आणून विकणाऱ्यांनी पुढचा भाग दोनदा वाचावा. ट्रेड अ‍ॅग्रीमेंट्स कायद्याच्या मान्य देशांत भारत नाही, चीनही नाही. त्यामुळे जीएसए शेड्यूलवर, म्हणजे सरकारी खात्यांसाठी आधीच दर ठरवलेल्या खरेदी-यादीवर, "मेड इन इंडिया" वस्तू ठेवता येत नाही. भारतातून आलेला तयार माल न्यू जर्सीच्या गोदामात नव्या खोक्यात भरला, तरी त्याचा मूळ देश बदलत नाही. तो बदलायला वस्तूचं नाव, गुणधर्म किंवा उपयोग खरोखर बदलावा लागतो. औषधांना मात्र फेडरल सर्किट कोर्टाने फेब्रुवारी २०२० मध्ये, एसेट्रिस खटल्यात, वेगळी वाट करून दिली. तिथे मूळ औषधी द्रव्य भारतातलं होतं, पण गोळ्या न्यू जर्सीत बनल्या होत्या. त्या अमेरिकेत बनलेल्या धरल्या गेल्या. आपल्या मालाचं काय होईल याची शंका असेल, तर कस्टम्स खात्याकडून लेखी निर्णय मागवा. मूळ देश चुकीचा सांगून बिल लावलं, तर फॉल्स क्लेम्स कायद्याखाली नुकसानीच्या तिप्पट वसुली होते आणि प्रत्येक बिलामागे वेगळा दंड बसतो. तक्रार करणाऱ्याला वसुलीतला वाटा मिळतो, म्हणून बहुतेकदा ती आपलाच जुना कर्मचारी करतो.

प्रपोजल लिहिताना आधी मूल्यांकनाचा भाग वाचा, मग सूचना, आणि कामाचं वर्णन सगळ्यात शेवटी. पानांची मर्यादा २० असेल तर एकविसावं पान वाचलं जात नाही. उशिराला माफी जवळजवळ नाहीच: मुदत दोनची असताना ईमेल दोनला पाठवला आणि सर्व्हरवर दोन वाजून एक मिनिटाने पोचला, तर तो उशिराचा. निदान एक दिवस आधी पाठवा आणि पोच मागून घ्या. खरेदीच्या नियमावलीची, म्हणजे फारची, २०२५ पासून फेरमांडणी सुरू आहे. म्हणून जुन्या प्रपोजलमधली कलमं उचलू नका, त्या निविदेत छापलेली वाचा.

काम मिळाल्यावर करारात काहीही बदल फक्त काँट्रॅक्टिंग ऑफिसरच, म्हणजे सरकारतर्फे करारावर सही करणारा अधिकारीच, करू शकतो. जागेवर देखरेख करणारा अधिकारी प्रेमाने म्हणतो, "एवढं दोन खोल्यांचं वायरिंगही करून टाका." होय म्हणण्याआधी ते काँट्रॅक्टिंग ऑफिसरला ईमेलने कळवून लेखी फेरबदल मागा. फेरबदल नसेल तर त्या वायरिंगचे पैसे बहुधा बुडतात. बिल बिनचूक असेल तर साधारणपणे ३० दिवसांत पैसे येतात, उशीर झाला तर व्याज मिळतं. मात्र करार क्रमांक चुकला तर ते बिलच मानलं जात नाही. सरकार आपल्या सोयीसाठी करार मध्येच थांबवू शकतं. तेव्हा झालेल्या कामाचे पैसे मिळतात, पुढच्या नफ्याचे नाहीत. म्हणून तासांच्या नोंदी रोजच्या रोज लिहा.

काम दुसऱ्याला गेलं, तर वाटाघाटींच्या पद्धतीने दिलेल्या कंत्राटांत निकाल कळल्यापासून तीन दिवसांच्या आत डीब्रीफिंगची, म्हणजे आपली बोली का हरली याच्या खुलाशाची, लेखी मागणी करा. विजेती कंपनी खरी लहान नाही असं वाटलं, तर साधारणपणे पाच कामकाजी दिवसांत काँट्रॅक्टिंग ऑफिसरकडे हरकत पोचली पाहिजे. मूल्यांकनातच चूक दिसली, तर जीएओकडे (संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडे) सहसा दहा दिवसांत दाद मागता येते. कराराचं काम आपोआप थांबावं असं वाटत असेल, तर हाती वेळ त्याहून कमी असतो: डीब्रीफिंगसाठी दिलेल्या तारखेपासून बहुधा पाचच दिवस, आणि त्यात शनिवार-रविवारही मोजले जातात.