धर्मासाठीची लढाई आणि धर्माच्या खुणेवरची लढाई

युद्धांना धर्म जबाबदार आहे का, हा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, धर्म नसते तर इतकी माणसं मेलीच नसती. दुसरा म्हणतो, धर्म बिचारे निर्दोष, राज्यकर्ते त्यांना वेठीला धरतात. गंमत नव्हे, दुःख असं की दोघेही बहुतेक तीच उदाहरणं देतात. याचं कारण माझ्या मते एकच आहे: दोन निराळ्या गोष्टींना आपण ‘धार्मिक युद्ध’ हे एकच नाव देऊन बसलो आहोत.

पहिल्या प्रकारात भांडणच धर्माच्या प्रश्नावर असतं. कुठली उपासना चालेल, देवस्थानाची मालमत्ता कुणाची, राजाचा पंथ प्रजेने घ्यायचा की नाही. दुसऱ्या प्रकारात भांडण असतं जमिनीचं, मतांचं, नोकऱ्यांचं, सीमेचं. धर्म फक्त कोण कुठल्या बाजूचा एवढं सांगतो. दुरून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हींत प्रार्थनास्थळं जळतात, दोन्हींत नाव विचारून माणूस मारला जातो.

फरक ओळखायला मी युद्धाच्या आरंभीच्या घोषणांकडे बघत नाही. घोषणा सगळेच मोठ्या देतात. मी बघतो तो शेवटचा तह. लढून लढून दोन्ही बाजू थकल्या, तेव्हा कुठली गोष्ट कागदावर आल्याशिवाय शस्त्रं खाली ठेवायला कुणी तयार नव्हतं? ती गोष्ट म्हणजे युद्धाचं कारण. आणखी एक खूण आहे. ज्या क्षणी श्रद्धा एका दिशेला ओढते आणि फायदा दुसऱ्या दिशेला, त्या क्षणी राज्यकर्ता कुठे वळतो ते पाहायचं. या दोन कसोट्या लावून युरोपातली दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. दोन्ही कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातली म्हणून ओळखली जातात.

पहिलं तीस वर्षांचं युद्ध, १६१८ ते १६४८. जर्मन भाषक प्रदेशात तेव्हा शेकडो लहानमोठी संस्थानं होती आणि त्यांच्यावर नावाला एक सम्राट. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने ठरवलं होतं की संस्थानिकाचा पंथ तोच प्रजेचा पंथ. त्यात कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन लुथरचे प्रोटेस्टंट अनुयायी) एवढ्यांनाच जागा होती. कॅल्व्हिन या दुसऱ्या प्रोटेस्टंट सुधारकाच्या अनुयायांना कायद्याने अस्तित्वच नव्हतं. बोहेमियात (आजच्या चेक देशात) १६०९ मध्ये सम्राट रुडॉल्फने प्रोटेस्टंटांना उपासनेचं स्वातंत्र्य लिहून दिलं. पण पुढच्या काही वर्षांत तिथलं एक प्रोटेस्टंट चर्च बंद केलं गेलं आणि एक पाडलं गेलं. २३ मे १६१८ ला चिडलेले सरदार प्रागच्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी सम्राटाचे दोन कारभारी व त्यांचा चिटणीस यांना खिडकीतून खाली फेकलं. तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं.

इथे धर्म निव्वळ निमित्त होता असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. लेखी हमी उपासनेची होती आणि मोडली गेली तीही उपासनेचीच. पण म्हणून सगळं धर्मावरच चाललं होतं असंही नाही. बंडखोर प्रोटेस्टंट सरदारांना राजसत्तेपुढे आपले जुने हक्क राखायचे होते. सॅक्सनीचा संस्थानिक लुथरन, तरी तो १६२० मध्ये कॅथलिक सम्राटाच्या बाजूने उतरला आणि मोबदल्यात त्याने लुसाशियाचा मुलूख मिळवला. बंड मोडल्यावर जून १६२१ मध्ये प्रागच्या चौकात २७ जणांना देहदंड झाला, त्यांत एक कॅथलिकही होता.

आता दुसरी कसोटी लावून पाहू, कारण या युद्धात ती दोन्ही बाजूंनी लागते. १६२९ मध्ये सम्राट दुसरा फर्डिनांड जिंकत होता. प्रोटेस्टंटांच्या बाजूने उतरलेला डेन्मार्कचा राजा हरला होता, उत्तर जर्मनीत सम्राटाच्या फौजा होत्या. शहाणपण सांगत होतं की आता हात आखडावा आणि त्याच्याशी निष्ठावान राहिलेल्या लुथरन संस्थानिकांना दुखवू नये. फर्डिनांडने नेमकं उलट केलं. त्याचा धर्मगुरू लामोरमेनी याच्या प्रभावाखाली त्याने फर्मान काढलं की १५५२ नंतर प्रोटेस्टंटांच्या हाती गेलेली चर्चची सगळी मालमत्ता परत करावी. काठावरचे लोक एका फटक्यात विरोधात गेले. हान्स गेओर्ग फॉन आर्निम हा लुथरन असूनही सम्राटाच्या फौजेत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने त्याच वर्षी ती चाकरी सोडली, आणि १६३१ मध्ये तो सॅक्सनीच्या प्रोटेस्टंट फौजेचा सेनापती होता. १६२९ ला थांबण्याची जी संधी होती ती गेली आणि युद्ध आणखी १९ वर्षं चाललं. या १९ वर्षांच्या हिशेबात धर्माच्या नावावर काही ना काही मांडावंच लागेल. श्रद्धेने इथे फायद्याला हरवलं, आणि किंमत लोकांनी मोजली. मे १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहर सम्राटाच्या बाजूच्या फौजांनी लुटून जाळलं, तेव्हा सुमारे २०,००० माणसं मेली.

आणि त्याच काळात फ्रान्सच्या राजाचा प्रधान, कार्डिनल रिशेल्यू बघा. कॅथलिक चर्चचा राजपुत्र म्हणावा असा माणूस. १६२८ मध्ये त्याने स्वतःच्या देशातलं प्रोटेस्टंटांचं ला रोशेल हे बंदर उपासमार करून शरण आणलं. आणि जानेवारी १६३१ मध्ये त्याच रिशेल्यूने स्वीडनच्या प्रोटेस्टंट राजाला, गुस्ताव्ह आडॉल्फला, सम्राटाविरुद्ध लढण्यासाठी वर्षाला चार लाख थालर (चांदीची नाणी) द्यायचा करार केला. त्याला भीती सम्राटाच्या आणि स्पेनच्या राजाच्या हाब्सबुर्ग घराण्याने फ्रान्सला दोन्हीकडून वेढण्याची होती. १६३५ मध्ये फ्रान्स स्वतः युद्धात उतरलं, तेही कॅथलिक स्पेनविरुद्ध. १६४३ मध्ये लुथरन स्वीडनने लुथरन डेन्मार्कवर हल्ला केला. एकाच युद्धात फर्डिनांड आणि रिशेल्यू, दोघेही कॅथलिक, दोघांपुढे तोच पेच, आणि उत्तरं विरुद्ध. म्हणून ‘ते युद्ध धार्मिक होतं की राजकीय’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा माणूस मला घाईत वाटतो.

तह मात्र स्वच्छ बोलतो. २४ ऑक्टोबर १६४८ ला वेस्टफेलियाच्या तहावर सह्या झाल्या. वाटाघाटी दोन गावांत चालल्या होत्या: फ्रान्सशी म्युन्स्टरला, स्वीडनशी ओस्नाब्रुकला. तहात मुलूख वाटलेला आहेच. स्वीडनला पश्चिम पोमेरेनिया, फ्रान्सला आल्सासमधले हक्क. पण त्याशेजारी कलमांमागून कलमं धर्माची आहेत. १ जानेवारी १६२४ ला जे चर्च, जी मालमत्ता ज्या पंथाकडे होती, ती त्याचीच राहील. संस्थानिकाने पंथ बदलला तरी प्रजेवर तो बदलण्याची सक्ती नाही. कॅल्व्हिनच्या अनुयायांना मान्यता. साम्राज्याच्या सभेत धर्माचा विषय आला तर बहुमत चालणार नाही; दोन्ही पंथांचे प्रतिनिधी वेगळे बसतील आणि एकमत होईल तेव्हाच निर्णय. ओस्नाब्रुकच्या गादीवर एकदा कॅथलिक बिशप, एकदा प्रोटेस्टंट, अशी पाळी लावून दिली. ज्या बोहेमियापासून हे सुरू झालं तिथल्या प्रोटेस्टंटांना काहीच मिळालं नाही, हे लिहिताना वाईट वाटतं, पण ते खरं आहे. आणि पोप दहाव्या इनोसंटने या तहाचा धिक्कार केला, कारण त्याला त्यात चर्चची हार दिसली. राज्याच्या वाटण्यांवरच सगळं मिटण्यासारखं असतं तर या कलमांवर कुणी वर्षानुवर्षं डोकं घासलं नसतं.

आता उत्तर आयर्लंड. इथेही कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत ३,५०० हून अधिक मृत्यू. तिथे कुणी मिसा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना), मेरीमाता किंवा पोपची सत्ता या प्रश्नांवर बॉम्ब ठेवत नव्हतं. समोरच्याने आपला पंथ घ्यावा अशी मागणी कुठल्याच गटाची नव्हती. मूळ १६०९ च्या आसपासच्या वसाहतीत आहे: अल्स्टर प्रांतातली जमीन जप्त करून स्कॉटलंड-इंग्लंडहून आलेल्या प्रोटेस्टंटांना दिली गेली. तेव्हापासून पंथ हा ‘जमीन गेलेले’ आणि ‘जमीन मिळालेले’ यांच्यातला ओळखीचा शिक्का झाला. १९२१ ला फाळणी झाली तेव्हा उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले, कारण तिथे प्रोटेस्टंट बहुसंख्य होते.

डेरी शहरात काय चालायचं ते समजून घेण्यासारखं आहे. शहरात कॅथलिक जास्त, पण वॉर्ड असे आखलेले की नगरपालिकेत बहुमत नेहमी दुसऱ्यांचं. शिवाय स्थानिक निवडणुकीत मत फक्त घराच्या मालकाला किंवा भाडेकरू कुटुंबप्रमुखाला व त्याच्या जोडीदाराला. आईबापांच्या घरात राहणाऱ्या तरुणाला नाही. म्हणजे नगरपालिकेने नवं घर दिलं की नवी मतं तयार. मग कॅथलिक कुटुंबाला घर द्यायचं कसं? ऑक्टोबर १९६८ मध्ये डेरीत मोर्चा निघाला तो घरं, नोकऱ्या आणि ‘एक माणूस एक मत’ यांसाठी. पोलिसांनी तो लाठ्यांनी मोडला, पुढच्या वर्षी सैन्य आलं, आणि ३० जानेवारी १९७२ ला त्याच शहरात सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडून १३ जणांना ठार केलं. एक जखमी नंतर गेला.

धर्म अगदीच कोऱ्या पाटीचा होता असं मात्र नाही. इयन पेस्ली हे राजकीय पुढारी स्वतः पाद्री होते, त्यांनी १९५१ मध्ये वेगळं चर्च काढलं आणि १९८८ मध्ये युरोपीय संसदेत पोपच्या भाषणात उठून ओरडले. चर्चच्या हाती शाळा होत्या, त्यामुळे दोन समाजांची मुलं एकमेकांना भेटतच नव्हती. म्हणजे चर्चने भांडण निर्माण केलं नसेल, पण भिंत उभी ठेवायला हातभार नक्की लावला. तरीही आयर्लंडच्या स्वातंत्र्याचे वुल्फ टोन आणि पार्नेल यांच्यासारखे मोठे पुढारी प्रोटेस्टंट होते, हे विसरता येत नाही. (टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली, तो ‘होमरूल’ पार्नेलच्या आयर्लंडमधलाच.)

आणि तह? १० एप्रिल १९९८ चा करार काढून बघा. बहुसंख्यांची संमती असल्याशिवाय प्रांताचा दर्जा (ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं) बदलणार नाही, दोन्ही समाजांनी मिळून सरकार चालवायचं, आयर्लंड-ब्रिटन यांच्या संयुक्त संस्था, कैद्यांची सुटका, शस्त्रं निकामी करणं, पोलीस सुधारणा. कुठला पंथ खरा, कुठलं चर्च कुणाचं, या प्रश्नाची तिथे गरजच पडली नाही. दोन तह शेजारी ठेवले की दोन युद्धांतला फरक मला यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

आपल्याकडे या वादात एक तिसरीच कसोटी वापरली जाते: फौजेत कोण होतं? पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याचा होता आणि तो त्यासाठी जिवानिशी गेला, म्हणून धर्माचा प्रश्नच नव्हता, असं म्हणतात. इब्राहिमखानाच्या निष्ठेला मी मनापासून मानतो, पण ही कसोटी कच्ची आहे. सैनिक कुणाची चाकरी करतो यावरून राज्यकर्ता कशासाठी लढतो ते कळत नाही. आर्निमचं उदाहरण वर आहेच. त्यापेक्षा जून १६६५ चा पुरंदरचा तह घ्या. मिर्झाराजे जयसिंगांनी शिवाजी महाराजांकडून २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख घेतला. धर्माचं कलम नाही. भांडण सत्तेचं होतं. पण दोनच वर्षांत औरंगजेबाने नेताजी पालकरांना मुसलमान केलं, आणि १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवला. तिथे राज्यानेच धर्माला प्रश्न करून टाकलं. दीर्घ संघर्षाला एकच शिक्का मारण्याचा आग्रह धरला की असे टप्पे हातातून निसटतात.

हा फरक शोधत बसण्याचं कारण निव्वळ इतिहासाची हौस नाही. निदान चुकलं की इलाज चुकतो. वेस्टफेलियासारख्या भांडणात नुसत्या सवलती आणि नोकऱ्या वाटून भागत नाही. उपासनेला कायद्याचं संरक्षण आणि बहुमताला मर्यादा लागते. आयर्लंडसारख्या भांडणात दोन्हीकडच्या धर्मगुरूंना एका व्यासपीठावर बसवून प्रेमाची भाषणं करवली, तर ती ऐकायला बरी वाटतात, पण घराच्या यादीत नाव लागत नाही. तिथे कामाला आलं ते वेगळंच. कराराच्या वेळी पोलीस दलात कॅथलिकांचं प्रमाण सुमारे ८ टक्के होतं. २००१ पासून दहा वर्षं नव्या भरतीत निम्मे कॅथलिक आणि निम्मे इतर असा नियम ठेवला, आणि २०११ पर्यंत ते प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात गेलं. आपल्या दारात येणारा पोलीस आपल्यातलाही असू शकतो, एवढा बदल त्याने झाला.

शाळांचं काम मात्र मागेच राहिलं. १९८१ मध्ये काही पालकांनी २८ मुलांना घेऊन बेलफास्टला लॅगन कॉलेज ही दोन्ही समाजांची पहिली एकत्र माध्यमिक शाळा काढली. १९९८ च्या करारात एकत्र शिक्षण आणि एकत्र वस्ती यांना उत्तेजन देण्याचा उल्लेखही आहे. तरी तिथली बहुसंख्य मुलं आजही वेगवेगळ्या शाळांत जातात, आणि चर्चना याबाबत जाब विचारायला हवा असं मला वाटतं.