साठ वर्षं ताटकळलेली गोळी

शंभरातले आठ. सिगारेट सोडवणाऱ्या औषधाचं यश एवढंच असं ऐकलं की कोणीही म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला? पण हे आठ कसे मोजले ते आधी पाहू.

पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, ७४० जणांवर चाचणी झाली आणि २०११ मध्ये तिचे निकाल छापून आले. निम्म्यांना सायटिसिन या औषधाच्या गोळ्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. कोणाच्या वाट्याला काय आलंय हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. वर्षभराने "सोडली हो कधीच" असं नुसतं सांगून भागत नव्हतं. दीर्घ श्वास घ्यायचा, काही सेकंद रोखायचा आणि मग नळीत सावकाश सोडायचा. श्वासात कार्बन मोनॉक्साइड ठरावीक मर्यादेपलीकडे सापडला की खोटं उघडं. जो पुन्हा आलाच नाही, तोही ओढतोय असंच धरायचं. एवढ्या चाळणीतून औषधवाल्यांचे ८.४ टक्के उरले, दुसऱ्या गटातले २.४. (ही चाचणी ज्या कर्करोग संस्थेत झाली तिला मारी क्युरीचं नाव आहे. तिनेच शोधलेलं पोलोनियम तंबाखूच्या धुरातही असतं, हा योगायोग मला नेहमी चमत्कारिक वाटतो.)

आता हा फरक जगातल्या सुमारे १२० कोटी तंबाखू वापरणाऱ्यांसमोर ठेवून पाहा. ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयींचा १९५१ पासून पन्नास वर्षं माग काढणाऱ्या अभ्यासात दिसलं की चाळिशीत सिगारेट सोडली तर सरासरी ९ वर्षांचं आयुष्य परत मिळतं. शंभरातले सहा जण जास्त सुटले, तर ती चिल्लर नव्हे.

गंमत म्हणजे हे औषध जुनंपानं आहे. लॅबर्नम नावाचं एक युरोपीय झाड आहे, बहाव्यासारखे पिवळे झुबके लोंबणारं. त्याच्या बियांत सायटिसिन असतं. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेनाशी झाली तेव्हा सैनिक त्याची पानं ओढत, असं सांगतात. बल्गेरियात १९६४ पासून त्याची गोळी विकली जाते. मेंदूत निकोटिन ज्या जागी जाऊन बसतं, तिथे हे आधीच रुमाल टाकून ठेवतं. थोडीशी तरतरी देतं, त्यामुळे तलफ फार छळत नाही. आणि जागा अडलेली असल्याने वरून सिगारेट ओढली तरी ती मजा येत नाही. पंचवीस दिवसांचा कोर्स. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी एक, दिवसाला सहा गोळ्या. पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट पूर्ण बंद, मग गोळ्याही उतरत्या.

मग पक्की चाचणी व्हायला चाळीसहून अधिक वर्षं का लागली? कारण ती करून कोणाचा खिसा भरणार नव्हता. निसर्गात सापडणाऱ्या, आधीच बाजारात असलेल्या स्वस्त रेणूवर पेटंटची मक्तेदारी मिळवणं कठीण, आणि मोठी चाचणी म्हणजे पाण्यासारखा पैसा. फायझर कंपनीने सायटिसिनचा साचा घेऊन त्यात फेरफार केले, व्हॅरेनिक्लिन बनवलं आणि २००६ मध्ये ते बाजारात आणलं. औषध चांगलं आहे, त्यात वाद नाही. पण मूळ गोळीची वॉर्सातली परीक्षा शेवटी ब्रिटनमधल्या सार्वजनिक निधीवर झाली. पुढे न्यूझीलंडमध्ये १३१० जणांवर तिची निकोटिनच्या पट्ट्या आणि च्युइंगगमशी तुलना झाली, तीही सरकारी पैशावर. तिथे महिन्याअखेर सायटिसिनवाले ४० टक्के सुटलेले होते, पट्टी-गमवाले ३१.

काही प्रश्नांत तर विकण्यासारखं काहीच नसतं. १९७९ मध्ये लंडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरने दोन मिनिटं समजावलं, हातात पत्रक दिलं आणि पुन्हा विचारणा होईल अशी कल्पना दिली, तर वर्षभर टिकणारे ५.१ टक्के निघाले. काहीच न केलेल्या गटात ०.३. दोन मिनिटांच्या बोलण्याचं पेटंट कोण घेणार?

ही रिकामी जागा सिगारेटवाल्यांना बरोबर दिसते. १९५४ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी शेकडो वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन 'संशोधन समिती' काढली. त्या पैशातून निघालं काय, तर धूम्रपानाच्या धोक्याबद्दलची शंका. २०१७ मध्ये फिलिप मॉरिसने धूरमुक्त जगासाठी म्हणून एका नव्या प्रतिष्ठानाला बारा वर्षं दरसाल ८ कोटी डॉलर देऊ केले. जागतिक आरोग्य संघटनेने सरकारांना सांगितलं, यांच्यापासून लांब राहा. मला ते पटतं. संशोधक प्रामाणिक असले तरी कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता टाळायचा, हे थैलीच्या मालकाकडून ठरू लागतं.

थैली दुसरीकडेही आहे. २०१६ च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालानुसार जगभरची सरकारं तंबाखूवरच्या करातून वर्षाला सुमारे २७० अब्ज डॉलर मिळवत होती आणि तंबाखू नियंत्रणावर एक अब्जही खर्चत नव्हती. त्या एकातलाही संशोधनाचा वाटा किरकोळच. त्यामुळे बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांत होतात, आणि त्याही सिगारेटवर. तंबाखू वापरणारे ८० टक्के लोक मात्र कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि त्यांतले कित्येक जण ती ओढत नाहीत, चघळतात.

जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२४ मध्ये काढली. त्यात निकोटिनच्या पट्ट्या आहेत, व्हॅरेनिक्लिन आहे, ब्युप्रोपिऑन आहे. आणि साठ वर्षांनी, लॅबर्नमच्या बियांतलं सायटिसिनही आहे.