ऑथेंटिक मूव्हमेंट

ऑथेंटिक मूव्हमेंट ही डोळे मिटून, आतून येईल तशी हालचाल करण्याची आणि ती दुसऱ्या कुणीतरी शांतपणे पाहण्याची साधना आहे. आधुनिक नृत्य आणि स्विस मनोचिकित्सक कार्ल युंग यांचे मानसशास्त्र यांच्या मेळातून ती विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत आकाराला आली. हालचाल करणाऱ्याला मूव्हर म्हणतात आणि बसून पाहणाऱ्याला साक्षी. संगीत नसते, स्टेप्स नसतात, कुणी पुढे उभे राहून काही करून दाखवत नाही. नृत्य-उपचारक, मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, परिचारिका अशी दुसऱ्यांना सांभाळणारी माणसे स्वतःकडे पाहण्यासाठी आणि कामाचा शीण उतरवण्यासाठी तिचा आधार घेतात. नाव हालचालीचे असले तरी या पद्धतीचा कणा पाहण्यात आहे. दिवसभर इतरांचे दुःख पाहणे हेच ज्यांचे काम, त्यांना ती जवळची वाटते ती त्यामुळेच.

उगम आणि परंपरा

मेरी स्टार्क्स व्हाइटहाउस (१९११–१९७९) या पद्धतीच्या प्रवर्तक. त्या मूळच्या नर्तकी. आधुनिक नृत्याच्या अग्रणी मेरी विगमन आणि मार्था ग्रॅहम या दोघींच्या तालमीत तयार झालेल्या. पुढे त्यांनी स्वतः युंगपद्धतीचे मनोविश्लेषण घेतले, झुरिकच्या युंग संस्थेत अध्ययन केले आणि लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओ चालवताना नृत्य शिकवण्याची आपली रीतच बदलून टाकली. त्यांनी दोन अनुभव वेगळे काढले: ‘मी हलते’ आणि ‘मी हलवली जाते’. पहिल्यात इच्छा असते, ताबा असतो. दुसऱ्यात हालचाल आपसूक उमटते आणि माणूस तिला अडवत नाही. दोन्ही एकाच क्षणी जागे असणे त्यांना अभिप्रेत होते. १९५८ साली त्यांनी लॉस एंजेलिसच्या अ‍ॅनालिटिकल सायकॉलॉजी क्लबपुढे ‘द ताओ ऑफ द बॉडी’ हे व्याख्यान दिले. या विषयावरचे ते पायाभूत लेखन मानले जाते. स्वतः व्हाइटहाउस आपल्या कामाला ‘मूव्हमेंट इन डेप्थ’ म्हणत.

याचे वैचारिक बीज कार्ल गुस्ताव युंग यांच्या ‘सक्रिय कल्पना’ या तंत्रात आहे. मनात उमटणाऱ्या प्रतिमेला हुसकावून न लावता तिच्या मागे जायचे, तिला चित्रात, मातीत, लेखनात रूप द्यायचे, असे ते तंत्र. १९१६ मध्ये लिहिलेल्या आणि थेट १९५७ मध्ये छापल्या गेलेल्या एका निबंधात युंग यांनी शरीराच्या हालचालीचाही ओझरता उल्लेख केला, पण अशा रीतीने व्यक्त होऊ शकणारी माणसे विरळाच, असेही नोंदवले. त्या ओझरत्या उल्लेखावर व्हाइटहाउस यांनी आयुष्यभराचे काम उभे केले.

याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नृत्य-उपचाराचा दुसरा प्रवाह वाहत होता. मारियन चेस यांनी १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात काम सुरू केले. त्यांच्यासमोर गंभीर आजारी रुग्ण होते. त्यामुळे संगीत, वर्तुळ आणि रुग्णाच्या हालचालीला तशाच हालचालीने दिलेला प्रतिसाद ही त्यांची साधने. व्हाइटहाउस यांच्याकडे येणारे लोक बहुतांशी आपापला संसार, नोकरी सांभाळणारे होते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ऑथेंटिक मूव्हमेंट कुणाला झेपते आणि कुणाला नाही, याचे उत्तर त्यात दडलेले आहे. १९६६ मध्ये अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली तेव्हा चेस तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

आज जी पद्धत शिकवली जाते तिच्यावर सर्वाधिक ठसा जॅनेट अ‍ॅडलर (१९४१–२०२३) यांचा आहे. त्यांनी आधी ऑटिझम असलेल्या लहान मुलांबरोबर काम केले आणि नंतर व्हाइटहाउस यांच्याकडे शिक्षण घेतले. १९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे त्यांनी गुरूच्या नावाने संस्था काढली. व्हाइटहाउस यांच्या स्टुडिओत पाहणारी व्यक्ती म्हणजे शिक्षिका, हे गृहीतच होते. अ‍ॅडलर यांनी पाहणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न मध्यभागी आणला. पाहणे हीच एक शिस्त आहे आणि तीही वर्षानुवर्षे शिकावी लागते, अशी त्यांची मांडणी २००२ च्या ‘ऑफरिंग फ्रॉम द कॉन्शस बॉडी’ या पुस्तकात आहे. उत्तरायुष्यात त्यांचा ओढा गूढानुभवाकडे गेला. दुसऱ्या बाजूला युंगपंथी विश्लेषक जोन चोडोरो यांनी ही पद्धत मनोविश्लेषणाच्या खोलीतच ठेवली. परिणामी एकच नाव सांगणारे दोन शिक्षक बरेच वेगळे निघू शकतात: एकाकडे ती साधना, दुसऱ्याकडे उपचार.

बार्बरा डिली यांनी १९८० च्या सुमारास कोलोरॅडोतील नारोपा संस्थेत सुरू केलेली ‘कंटेम्प्लेटिव्ह डान्स प्रॅक्टिस’ ही वेगळी. तिच्यात आधी बैठे ध्यान, मग ज्याची त्याची अंग मोकळे करण्याची वेळ आणि शेवटी सर्वांचे मिळून उत्स्फूर्त नृत्य असा क्रम असतो. ऑथेंटिक मूव्हमेंट शिकवणारे काही जणही ‘कंटेम्प्लेटिव्ह डान्स’ हेच नाव वापरतात, त्यामुळे गल्लत होते.

सत्र कसे चालते

मोकळी खोली, स्वच्छ जमीन, भिंतीकडेला साक्षीची बैठक. सुरुवातीला दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहतात. साक्षी घंटा वाजवतो, मूव्हर डोळे मिटतो आणि थांबतो. हे थांबणे नवख्याला फार जड जाते. काहीच होत नाही म्हणून हात उचलावासा वाटतो. तो उचलला की आपण उचलला हे लगेच कळते. थोड्या वेळाने बोटे जमिनीवर पसरतात, मान एका बाजूला कलते, कुणी तसेच पडून राहते. पूर्ण वेळ निश्चल राहिले तरी चालते. सुरुवातीला पाचदहा मिनिटे, सराव झाल्यावर अर्धा तास वा त्याहून जास्त. नियम दोनच, पण कडक: वेगाने किंवा मोठी हालचाल करताना डोळे उघडायचे, आणि स्वतःला वा दुसऱ्याला इजा होईल असे काही करायचे नाही. पुन्हा घंटा वाजली की डोळे उघडून आधी साक्षीकडे पाहायचे.

मग बोलणे. आधी मूव्हर बोलतो, तोही वर्तमानकाळात: ‘मी डाव्या कुशीवर आहे, गुडघे पोटाशी येतात.’ मूव्हरने ज्या हालचालीचा उल्लेख केला असेल तिच्याबद्दलच साक्षी बोलू शकतो, तेही मूव्हरची इच्छा असेल तर. इथे भाषेची शिस्त लागते. समजा, हालचालीत एका परिचारिकेचा उजवा तळवा मानेमागे गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. ‘तुला ओझे वाटत होते’ किंवा ‘तू दमली होतीस’ हे साक्षीने म्हणायचे नाही. म्हणायचे ते असे: ‘तुझा उजवा तळवा मानेमागे जातो. बोटे पसरतात. कोपर हवेत थांबते. ते पाहताना माझ्या खांद्यांत ताण येतो, आणि मला एक स्त्री दिसते, जी स्वतःचे डोके स्वतःच धरून आहे.’ जे दिसले ते, शरीराला जाणवले ते, वाटले ते आणि कल्पनेत आले ते, असे चार पदर सुटे ठेवायचे आणि शेवटचे तीन माझे आहेत हे कबूल करायचे. आपल्या धारणेची जबाबदारी आपणच घेण्याची ही बोली अ‍ॅडलर यांनी मानसशास्त्रज्ञ जॉन वेअर यांच्याकडून घेतली.

दोघांचा सराव मुरला की तिघांचा, मग गटाचा. मोठ्या वर्तुळात काही जण हालचाल करतात आणि काही जण कडेने साक्षी बसतात. बाहेरच्या साक्षीची सवय होता होता माणसात आतला साक्षी तयार होतो, म्हणजे हालचाल चालू असतानाच तिची शांत जाण राहते. अ‍ॅडलरप्रणीत शिक्षणाचे उद्दिष्ट हेच.

मराठी वाचकाला इथे दोन गोष्टी आठवणे साहजिक आहे. पहिली, सांख्य-वेदान्तातला साक्षी. साम्य आहे, पण तिथला साक्षी निर्लेप आहे. इथल्या साक्षीने निर्लेप असणे अपेक्षितच नाही. त्याला जे होते ते त्याने ओळखायचे आणि त्याचा भार समोरच्यावर टाकायचा नाही, एवढेच. दुसरी, अंगात येणे. बाहेरून पाहता एखादी हालचाल तशी भासू शकते. पण अंगात येण्यात दुसरे कुणीतरी बोलते-डोलते असे मानले जाते आणि त्या व्यक्तीला नंतर आठवेलच असे नसते. ऑथेंटिक मूव्हमेंटमध्ये भान सुटणे ही धोक्याची खूण मानतात. साक्षी मग नाव घेऊन हाक मारतो, डोळे उघडायला सांगतो.

काळजी घेणाऱ्यांसाठी

कामाच्या ताणाने माणूस आतून पुरता आटून जाणे, या अर्थाने ‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये रूढ केला. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजण्याची प्रश्नावली दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. नीट हाताळल्या न गेलेल्या कामाच्या दीर्घ ताणातून उद्भवणारी ती व्यावसायिक घटना आहे, असे तिथे नोंदवले आहे. दुसऱ्यांच्या यातना ऐकून ऐकून आटणारी सहवेदना आणि ऐकणाऱ्यालाच होणारा दुय्यम आघात या कल्पना १९९० च्या दशकात पुढे आल्या. चार्ल्स फिगली यांचे काम त्यात ठळक आहे.

हा थकवा डोक्यात नंतर पोहोचतो, शरीरात आधी. समोरचा खांदे पाडून बोलू लागला की ऐकणाऱ्याचेही खांदे नकळत पडतात, त्याचा श्वास अडला की आपलाही. उपचारकाच्या शरीरात उमटणाऱ्या या प्रतिसादाला ‘सोमॅटिक काउंटरट्रान्सफरन्स’ म्हणतात. तो ओळखता आला तर रुग्णाबद्दलची मोलाची माहिती असतो. ओळखता आला नाही तर संध्याकाळी घरी येतो. आत्ता छातीत दाटलेले माझे आहे की समोरच्याचे, हा प्रश्न उपचारकाला रोज पडतो, आणि साक्षीच्या बैठकीवर नेमका त्याचाच सराव होतो. म्हणून उपचारकांच्या शिक्षणात मूव्हर होण्याइतकेच, किंबहुना कांकणभर जास्तच, महत्त्व साक्षी होण्याला द्यावे लागते. विसावा मिळतो, पण तो मागाहून येतो. केवळ आराम हवा असेल तर शवासन स्वस्त आणि सोपे आहे.

मूव्हरच्या बाजूने मिळणारी गोष्ट वेगळी. वॉर्डात, दवाखान्यात, घरी आजाऱ्याच्या उशाशी प्रत्येक हालचाल कुणाच्या तरी गरजेसाठी असते: कूस वळवणे, पाजणे, पुसणे, फाइल पुढे करणे. कुणाच्याही उपयोगाची नसलेली हालचाल करायची आणि ती कुणीतरी मन लावून पाहायची, हा अनुभव अशा माणसाच्या वाट्याला क्वचितच येतो. बऱ्याच जणांना पहिल्या काही सत्रांत रडू येते किंवा झोप लागते. शिकवणारे दोन्ही स्वीकारतात.

मर्यादा आणि आक्षेप

या पद्धतीच्या परिणामांबद्दलचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. उपलब्ध साहित्यात अनुभवकथने, प्रकरण-अभ्यास आणि लहान गटांवरचे गुणात्मक संशोधन यांचाच भरणा आहे. नृत्य-हालचाल उपचारावर एकंदरीत झालेले संशोधन या पद्धतीच्या खात्यावर जमा करणे बरोबर नाही. त्यातले बरेचसे चेस यांच्या वळणाच्या गटकामावर आहे. आतून आलेली हालचाल ‘ऑथेंटिक’ आणि शिकलेली तशी नाही, या गृहीतकावरही आक्षेप आहे. शरीर लहानपणापासून संस्कृतीत घडते. मांडी घालणे, पदर सावरणे, वाकून नमस्कार करणे हेही डोळे मिटल्यावर आपसूकच येते.

तीव्र मानसिक आजाराच्या अवस्थेत, ताज्या आघातानंतर किंवा भान वारंवार तुटत असेल तर जाणते शिक्षक ही पद्धत वापरत नाहीत, किंवा डोळे उघडे ठेवून अगदी थोडा वेळ वापरतात. मिटलेले डोळे आणि समोर पाहणारा माणूस ही रचनाच काहींना भीतिदायक वाटते, विशेषतः ज्यांच्यावर अत्याचार झाले आहेत त्यांना.

आणखी एक अडचण आहे, ती पद्धतीबाहेरची. एका पाळीत झेपणार नाहीत इतके रुग्ण एका परिचारिकेवर सोपवायचे आणि महिन्यातून एकदा तिला हालचालीच्या कार्यशाळेला पाठवायचे, हा उपाय म्हणता येत नाही. आयसीडी-११ नेही बोट कामाच्या ताणाकडेच दाखवले आहे. घरी विस्मरण झालेल्या सासूचे सगळे एकटीने करणाऱ्या सुनेला तर कार्यशाळेचा रविवारही मिळत नाही. आजवर ही साधना प्रामुख्याने ज्यांच्यापाशी वेळ आणि फी आहे अशा व्यावसायिकांमध्ये फिरली आहे.

भारतातील स्थिती

भारतात ऑथेंटिक मूव्हमेंट स्वतंत्रपणे कमी आणि नृत्य-हालचाल उपचाराच्या शिक्षणाचा एक भाग म्हणून अधिक पोहोचली आहे. बंगळूरुच्या त्रिपुरा कश्यप या क्षेत्रातील आद्य भारतीय प्रशिक्षकांपैकी एक. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये ‘कोलकाता संवेद’ ही संस्था स्थापन केली आणि मानवी तस्करीतून सुटका झालेल्या स्त्रियांबरोबर नृत्य-उपचाराचे काम केले. या संस्थेच्या सहयोगाने मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत नृत्य-हालचाल उपचाराचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला, त्यामुळे महाराष्ट्रातील समाजकार्य व समुपदेशन क्षेत्रातल्या मंडळींना शिक्षणाची वाट जवळ आली. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या कायद्याच्या अनुसूचीत हालचाल-उपचारकांचा समावेश असून त्यात नृत्य-उपचारकही धरले आहेत. ऑथेंटिक मूव्हमेंटसाठी वेगळा परवाना त्यात नाही. त्यामुळे शिकायला जाणाऱ्याने शिक्षकाची तयारी स्वतःच पारखावी लागते: ते कुणाकडे शिकले, किती वर्षे मूव्हर होते, आणि साक्षी म्हणून त्यांच्यावर कुणाची देखरेख आहे.