स्टेट मशीन: रिलेपासून लढाऊ विमानापर्यंत

यंत्रणा कोणकोणत्या स्थितींत (स्टेट) असू शकते आणि कुठल्या घटनेवर (इव्हेंट) एकीतून दुसरीत जाते, याची मांडणी म्हणजे स्टेट मशीन; कागदावर प्रत्येक स्टेटचा एक गोल, आणि बदल दाखवायला बाण. तिचा धडा बहुतेक वेळा सिग्नलच्या तीन दिव्यांपासून सुरू होतो. उदाहरण सुटसुटीत आहे, पण थोडं फसवं. सिग्नलला एकच इव्हेंट ठाऊक असतो: वेळ संपली. खऱ्या यंत्रणेवर कुठलाही इव्हेंट कधीही येऊन आदळतो, आणि त्याचं काय करायचं हे आधी काय घडून गेलंय त्यावर ठरतं.

या कल्पनेचा उगम मेंदूच्या अभ्यासात आहे. १९४३ मध्ये मॅकलक आणि पिट्स यांनी चेतापेशींचं गणिती प्रारूप मांडलं. त्यावरचं स्टीफन क्लीनी यांचं काम १९५६ साली 'ऑटोमेटा स्टडीज' या संग्रहात छापून आलं. तोवर बेल लॅब्जमध्ये वेगळीच निकड उभी राहिली होती. टेलिफोन एक्स्चेंजच्या रिलेंना (विजेवर चालणाऱ्या स्विचना) आधीचे आकडे लक्षात ठेवूनच पुढचा आकडा समजून घ्यावा लागे. असे सर्किट पद्धतशीरपणे कसे रचायचे, हे जॉर्ज मीली यांनी १९५५ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी, त्याच 'ऑटोमेटा स्टडीज'मध्ये, एडवर्ड मूर यांचा लेख आला. मूरच्या यंत्रात आउटपुट फक्त स्टेटवर ठरतं, मीलीच्या यंत्रात स्टेट आणि इनपुट या दोन्हींवर. परीक्षेत आजही हा फरक हमखास विचारतात.

सॉफ्टवेअरवाल्यांनीही गोल आणि बाणांची ही आकृती उचलली. इंटरनेटवर माहितीची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते त्या टीसीपीच्या १९८१ च्या मानक दस्तऐवजात कीबोर्डवरच्या आडव्या-उभ्या रेघांनी रेखाटलेलं स्टेट डायग्राम आहे. त्यात अकरा स्टेट्स आहेत, आणि ती एका पानात मावतात.

विमान मात्र पानात मावत नाही. १९८३ च्या सुमारास वाइझमन इन्स्टिट्यूट या इस्रायली संशोधन संस्थेचे डेव्हिड हॅरेल 'लावी' या इस्रायली लढाऊ विमानाच्या एव्हिऑनिक्ससाठी (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी) सल्लागार म्हणून जाऊ लागले. तिथले अभियंते आपापल्या विषयात तरबेज होते, कागदपत्रांचे गठ्ठेही होते. पण अमुक स्थितीत वैमानिकाने हे बटण दाबलं तर नेमकं काय होईल, असं विचारलं की चर्चा लांबायची. एकच अपेक्षा दस्तऐवजात दोन-तीन ठिकाणी, दर वेळी जरा वेगळ्या शब्दांत लिहिलेली सापडे.

जुनी आकृती इथे का तोकडी पडते, हे हॅरेल यांनी १९८७ च्या लेखात चार बटणांच्या सिटिझन डिजिटल घड्याळावर दाखवलं. त्याच धर्तीवर एक साधा हिशेब करू. समजा डिस्प्लेचे पाच मोड आहेत; दिवा, दोन अलार्म आणि तासाचा ठोका हे प्रत्येकी चालू किंवा बंद. सपाट आकृतीत प्रत्येक जोडणीचा वेगळा गोल काढायचा म्हटलं, तर ५×२×२×२×२ म्हणजे ८० गोल. हॅरेल यांनी मांडलेल्या 'स्टेटचार्ट' या नव्या आकृतीत हे पाच भाग तुटक रेघांनी वेगळे करून शेजारीशेजारी चालतात. मग तेरा स्टेट्स पुरतात. शिवाय स्टेटच्या पोटात स्टेट ठेवता येते. त्यामुळे 'कुठूनही रद्द करा' यासाठी बाहेरच्या चौकटीतून निघणारा एकच बाण पुरतो. माझ्या मते नवशिक्यांनी मीली-मूरच्या आधी हे शिकावं. कारण कोडमध्ये पाच बूलियन फ्लॅग (फक्त हो किंवा नाही साठवणाऱ्या खुणा) टाकणारा माणूस ३२ जोडण्या उभ्या करतो, आणि त्यातल्या बऱ्याचशा त्याच्या ध्यानीमनीही नसतात.

ज्या वर्षी लेख छापून आला, त्याच वर्षी 'लावी' प्रकल्प गुंडाळला गेला. स्टेटचार्ट मात्र टिकले: १९९७ मध्ये यूएमएल या सॉफ्टवेअर-आकृत्यांच्या मानक भाषेसोबत ते मान्य झाले आणि २०१५ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एससीएक्सएमएल, म्हणजे स्टेटचार्ट मजकुरात लिहायची भाषा, ही शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. आज वेब डेव्हलपरच्या हाती ते एक्सस्टेटसारख्या लायब्ररीतून येतात.

पण चित्र एक असलं, तरी अर्थ एकच असेल असं नाही. आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही स्टेट्समधून एकाच इव्हेंटवर बाण निघत असतील तर कोणाचं चालणार? हॅरेल यांच्याच स्टेटमेट या साधनात बाहेरची स्टेट जिंकते, यूएमएलमध्ये आतली. जुनं डायग्राम नव्या साधनात नेताना हे आधी तपासावं.